हकिकत विरघळत्या जाळीची आणि चहाच्या बंदीची

श्रीसिद्धलिंग समर्थ.

मौजे सिद्धनाळ, ढोकीच्या साखर कारखान्याचा भोंगा जेथवर कानी पडतो तितक्या अंतरावरील गाव, तेथील गुळाचे थोर अडते, वजनकाट्याचे धनी, ढेपांचे पारखी, राजमान्य राजश्री शिवलिंगप्पा यांच्या पोटाची भिंत कैसी खचली, ती कोणी बांधली, मध्ये कोणते हाल जाहले आणि अखेर फत्ते कोणाची, हे पुढील पिढीस ठाऊक असावे म्हणोन लिहिले असे. थोरांच्या बखरी किल्ल्यांच्या पडल्या तटांवर होतात. परंड्यास किल्ला आहे, त्याचे लिहिणारे लिहोत. आमच्या वाट्यास पोट आले. या सबंध मोहिमेत लिहिणाऱ्यास कोणी चहा विचारला नाही, तरी मजकुरात कडवटपणा येऊ दिला नाही, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी.

प्रथम मूळ कारण. सिद्धनाळची यात्रा चैत्रात भरते आणि यात्रेत श्रींची नंदीकाठी निघते. काठी म्हणावयाची रीत, एरवी तो अख्खा वासा; त्यास रेशमी वस्त्र, वर पितळी कळस आणि घुंगरांच्या माळा. कमरेच्या चामडी पट्ट्यात तिचा बुंधा रोवावा, एकट्याने उचलावी, आणि देवळाच्या पायरीपासोन वेशीपर्यंत डुलत न्यावी, हा मान शिवलिंगप्पांच्या घराचा. दस्तुर ऐसा की काठी घरच्या वडील पुरुषानेच उचलावी, तो उभा असता पोराने हात लावू नये, आणि वडील पुरुष मागे सरला तर मान चुलत घराकडे जावा. चुलत घर म्हणजे अण्णाराव. हे शिवलिंगप्पांचे धाकटे चुलत बंधू; दुकान समोरासमोर, माल तोच, गिऱ्हाईक तेच, देवही तोच, आणि एकमेकांचे बरे व्हावे ऐसे दोघांसही कधी वाटल्याचा दाखला मिळत नाही.

आता शिवलिंगप्पांच्या पोटावर एक जुना व्रण होता. काही वर्षांपूर्वी आतडे फुटोन पोट उघडावे लागले होते, टाके पू धरोन राहिले होते, आणि जखम बुजली तरी ती बाजू कच्चीच राहिली होती. तशात गतसालच्या यात्रेत खासा स्वारीने काठी उचलली, वाजंत्री वाजली, लोकांनी खारीक-खोबरे उधळले, आणि खोबऱ्याचा एक तुकडा नेमका स्वारीच्या नाकावर येवोन बसला, मग शिंक आली. काठी हातात आणि शिंक नाकात, ऐसा बिकट प्रसंग. स्वारीने काठी सोडिली नाही, शिंक सोडिली. त्या धमाक्यात व्रणाखालील भिंत फाटली आणि आतील आतडे कवठाएवढा फुगा करोन कातडीखाली येवोन बैसले. तरी स्वारी वेशीपर्यंत गेली, हसत गेली, आणि घरी येवोन दार लावोन जी आडवी जाहली ती दिवेलागणीसच उठली.

मग गुप्ततेचा मनसुबा ठरला. फुग्यावर टॉवेल, त्यावर पट्टा, त्यावर सैल सदरा, ऐशी तिहेरी तटबंदी केली. चिरंजीव रुद्रेश यांस, जे धाराशिवच्या जिममध्ये आरशासमोर वजने उचलतात आणि दुकानात ढेप उचलावयास सांगितली तर ज्यांची पाठ धरते, त्यांस हुकूम जाहला की ही गोष्ट अण्णाच्या कानी गेली तर तुझी दुचाकी विकीन. खोकला आला की स्वारी एक हात पोटावर दाबोन खोकत असे. गिऱ्हाइकांस वाटे, शेटजी नम्रतेने पोटाशी हात धरतात. ऐशी नम्रता त्या घराण्यात पूर्वी कोणी पाहिली नव्हती, तेव्हाच खरे तर संशय यावा.

आला तो शांताक्कांस. शांताक्का म्हणजे शिवलिंगप्पांची धर्मपत्नी आणि त्या घरचे खरे तख्त. माहेर उमरग्याकडील, सबब साधे बोलणे मराठीत आणि रागाचे कानडीत. त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवोन पुसले, "पोटाशी ह्ये काय बांधलंय? ढेप चोरून आनली का सोताच्याच दुकानातनं?" स्वारीने वायूचे निमित्त सांगितले. बाईंनी टॉवेल सोडिला, फुगा पाहिला, आणि "सुम्न कूडरी!" ऐसा एकच तोफेचा आवाज केला, म्हणजे गुमान बसा. मग फर्मान सुटले की उद्या सकाळी धाराशिव गाठायचे, न्हाय म्हणाल तर चावडीवर जाऊन म्याच दवंडी देते. स्वारीने बिनशर्त शरणागती पत्करली, आणि गावात ऐसी वार्ता सोडिली की शेटजी श्रीशैलास देवदर्शनास जातात.

धाराशिवीस कृष्णराज नामे तरुण जर्राह, हल्लीचे भाषेत सर्जन, दवाखाना घालोन बैसले होते. त्यांनी फुगा दाबोन पाहिला, खोकावयास सांगितले, फोटो काढविले, आणि निकाल दिला. "आप्पा, जुन्या टाक्यांच्या जागी हर्निया झालाय. भिंतीला भगदाड पडलंय, त्यातनं आतडं बाहेर येतंय. आज मागं ढकललं तर जातंय. एखाद्या दिवशी अडकलं, पिळलं, की जिवावर बेतेल. भगदाड शिवून वर जाळी लावावी लागेल."

स्वारीने जिवाचे ऐकले न ऐकलेसे केले आणि एकच सवाल केला. "पुढल्या चैत्रात काठी उचलता येईल का न्हाय, तेवढं सांगा."

कोणती काठी, ऐसे जर्राहांनी पुसले, मग रुद्रेशने मोबाईलवर गतसालची काठी दाखविली, मग जर्राहांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला आणि म्हणाले, "आता ही कायमची विसरायची." हे ऐकोन शिवलिंगप्पांच्या डोळ्यांत खरोखरीचे पाणी आले. येथे थट्टा करवत नाही. बापाच्या मागे पंचवीस-तीस चैत्र त्या माणसाने ती काठी उचलली होती, आणि गावात त्यास कोणी गूळवाला म्हणोन नव्हे तर काठीवाला म्हणोन ओळखीत होते.

परंतु अडत्याचे दुःख फार वेळ टिकत नाही, माल समोर आला की संपते. जर्राहांनी जाळ्यांचे तीन प्रकार सांगितले. पहिली प्लॅस्टिकच्या धाग्याची, कायमची. ती बहुतेकांस चालते, परंतु आप्पांची जखम पूर्वी पू धरलेली, तेथे कायमची वस्तू ठेविली आणि पुन्हा पू जाहला तर जाळीच काढावी लागते. दुसरी जनावराच्या कातडीपासोन केलेली. हा शब्द कानी पडताच स्वारी टेबलावरोन उठोन बैसली, एका हाताने गळ्यातील इष्टलिंग झाकिले आणि "शिव शिव! आमच्या घरात कुनी अंडं न्हाय शिवलं, आन् तुम्ही पोटात कातडं शिवता व्हय!" ऐसे म्हणोन चप्पल शोधू लागली. शांताक्कांनी चपलेवर पाय ठेविला, सबब मोहीम तेथेच मोडली नाही.

मग तिसरी. ही विरघळणारी. तिच्या भोकाभोकांतून आपले मांस वाढते, भिंत आपली आपण धरते, आणि जाळी हळूहळू विरोन वर्ष-दीड वर्षात नाहीशी होते. यावर अडत्याचे रक्त खवळले. "विरघळनारा माल आमी घेत न्हाय. पावसाळ्यात ढेप पाझरली तर गिऱ्हाईक तोंडावर मारतंय आमच्या, आन् तुम्ही विरघळनारच म्हनून इकता?"

जर्राह शांत होते. "आप्पा, घराचा स्लॅब टाकला की सेंट्रिंग लावता. स्लॅब धरला की काढता. का सेंट्रिंगसकट राहता घरात?"

हा मुद्दा घरबांधणीतील असल्याने पटला. आता शेवटचा सवाल शांताक्कांचा, की ही जाळी होते कशाची. जर्राहांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि तीच त्यांची चूक. म्हणाले, कारखान्यात जंतू पोसतात, ते हा पदार्थ तयार करतात, मग जंतू काढोन टाकोन त्याचा धागा ओढतात. यात जनावर कुठेही नाही. बाईंनी पुसले, "आन् जंतू खातेत काय?"

"साखर," जर्राह म्हणाले.

ज्या घराण्याने पिढ्यानपिढ्या गूळ विकिला, ज्यांनी ढोकीच्या कारखान्याचा भोंगा वाजला की कानात बोटे घातली, पाहुण्याच्या चहात साखर पडली तर जे घर सुतक पाळिते, त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या पोटात साखरेवर पोसलेली जाळी! शिवलिंगप्पांनी गुळावरचे जंतू मिळतील काय ऐसे हळूच विचारोन पाहिले. नाही मिळाले. अखेर जीव थोर म्हणोन शत्रूचा माल पोटात घेणे मान्य केले.

युद्धाचा दिवस उजाडला. गळ्यातील लिंग अंगावेगळे करावयाचे नाही, म्हणोन ते दवाखान्याने दिलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळोन शांताक्कांनी स्वारीच्या मनगटास बांधिले आणि जर्राहांनीही हरकत घेतली नाही. मग भूल देणाऱ्या बाई आल्या, त्यांनी आकडे म्हणावयास सांगितले, स्वारीने सवयीने गुळाचा भाव म्हटला आणि चढत्या भावातच निद्रिस्त जाहली. मग जर्राहांनी आतडे स्वस्थानी पाठविले, भिंतीचे दोन्ही काठ ओढोन शिविले, वर जाळी पसरोन टाके घेतले. शिवलिंगप्पांचा या लढाईतील पराक्रम इतकाच की ते हलले नाहीत. परंतु पुढे घरी त्यांनी जे वर्णन केले त्यात ते घोड्यावर होते.

आता खरी आपत्ती. घरी आल्यावर शांताक्कांनी दरबार भरविला आणि आपले अनुमान मांडिले. त्या गुळाच्या घरच्या. कोणती वस्तू कशात किती विरघळते हे त्यांस शिकवावे ऐसा माणूस तालुक्यात जन्मला नव्हता. म्हणाल्या, "गूळ थंड पान्यात टाका, बसून ऱ्हातंय. कढत च्यात टाका, घटकेत गायब. साखर तर गुळाहून हलकट. डागदर म्हनले जाळी हळू इरघळली पायजे. मग पोटात कढत घालायचंच न्हाय." अनुमान इतके बिनचूक होते की रुद्रेश, जो शास्त्र शाखेचा पदवीधर, त्यानेही मान डोलविली.

तत्काळ बंदीचे हुकूम सुटले. कढत चहा बंद. कढत आमटी बंद. तव्यावरची भाकरी निवल्याखेरीज ताटात पडू नये. स्नानास थंड पाणी, मग थंडी कितीही असो. पुढे पुढे तर शेजारीण भांडू लागली असता शांताक्का तीस म्हणाल्या, बाई, गरम बोलू नका, ह्यास्नी चालत न्हाय.

शिवलिंगप्पांनी आतडे फुटलेले सोसले, पोट चिरलेले सोसले, परंतु पहाटेचा आल्याचा, गुळाचा, वाफाळता चहा गेला तो त्यांस सोसेना. निवलेला चहा बशीत घेवोन त्यावरील साय ते ऐशा नजरेने पाहात की पाहणाऱ्याने डोळे पुसावे. समोरच्या दुकानी अण्णाराव मुद्दाम उभे राहोन फुर्र करोन चहा ओढीत आणि पुसत, "आप्पा, श्रीशैलाहून आल्यापासनं च्या थंडच? नवस बोललाव व्हय?" आप्पा म्हणत, "व्हय, नवसच हाय." काठीचे विचारले तर म्हणत, "औंदा पाठीत उसन भरलीय. तूच उचल." अण्णारावांनी त्याच दिवशी नवा कमरपट्टा शिवावयास टाकिला.

मग तपासणीची तारीख आली. जर्राहांनी भिंत पाहोन मोठी तारीफ केली आणि सहज पुसले, खाणेपिणे कसे आहे. शांताक्कांनी बंदीचे सर्व हुकूम अभिमानाने वाचावे तैसे सांगितले. जर्राह प्रथम गंभीर राहिले, मग त्यांचे खांदे हलू लागले, मग ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांस हसण्याने घाम फुटला. "अहो अक्का, चहा जातो जठरात. जाळी बसलीय बाहेरच्या भिंतीत. त्यांची गाठच पडत न्हाय! आणि अंग आतनं कायम गरमच असतंय, ते काय थंड पाण्यानं निवणार व्हय?"

शिवलिंगप्पांनी अत्यंत हळू मान वळवोन पत्नीकडे पाहिले. शांताक्का छताच्या पंख्याकडे पाहात होत्या. मग बाईंनी निवाडा दिला, "टिकली न्हवं जाळी? मग झालं तर." दवाखान्यासमोरील टपरीवर स्वारीने लागोपाठ चहा घेतला, टाळू भाजली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तरी कप खाली ठेविला नाही.

चैत्र आला. काठी देवळाच्या पायरीशी उभी, वाजंत्री सज्ज, आणि अण्णाराव नव्या पट्ट्यात नवरदेव होवोन आले. शिवलिंगप्पा गर्दीत मागे उभे. मान सोडल्यापासोन त्यांनी मनात एकच प्रार्थना केली होती, ती आता छापावयास हरकत नाही: काठी अण्णाच्या हातून पडावी, आणि आपल्यादेखत पडावी.

अण्णारावांनी बुंधा पट्ट्यात रोविला, काठी उचलली, लोकांनी हर हर केला. दोन पावले गेले आणि खोबऱ्याची धूळ घशात जावोन खोकला आला. तेव्हा त्यांचा डावा हात काठी सोडोन खाली गेला, सदऱ्याखाली जांघेवर दाबला गेला, आणि पुन्हा वर आला. गर्दीत कोणासही काही कळले नाही. एका माणसास कळले. तो हात त्याने स्वतः किती दिवस तैसाच दाबिला होता.

आता प्रार्थना फळास येत होती. नुसते उभे राहावयाचे होते. आणि बोलावे तर श्रीशैल उघडे पडते, उसण उघडी पडते, सगळ्या गावापुढे पोट उघडे पडते. बखरकारास सत्य लिहिणे भाग: शिवलिंगप्पा तितका वेळ उभे राहिले, जितका वेळ माणूस उभा राहील. मग शिवी हासडोन पुढे धावले.

"अण्णा! ठिव खाली!"

"मान गेला म्हनून पोटात दुखतंय व्हय, आप्पा?" अण्णाराव दात आवळोन म्हणाले.

"माझं दुखून झालंय. तुझं दुखतंय! खोकताना हात कुठं जातोय त्ये म्या बघितलं!" आणि स्वारीने भर यात्रेत, देवासमोर, सुनांसमोर, सदरा गळ्यापर्यंत वर केला. "ह्ये बघ! श्रीशैलला न्हाय गेलतो म्या, पोट शिवून आलोय! आतडं पिळलं तर मरशील, येड्या! काठीला दुसरा गडी भेटंल, तुझ्या पोरास्नी दुसरा बाप कुठनं आनू?"

वाजंत्री थांबली. अण्णारावांचा चेहरा पिवळा पडला, काठी झुकली, कळस मिठाईच्या दुकानाकडे कलला. तेव्हा दस्तुर, मान आणि वडील पुरुष यांचा विचार न करिता रुद्रेश आणि अण्णारावांचे चिरंजीव उमाशंकर, जे परस्परांशी बोलत नसत, दोघे दोन बाजूंनी धावले आणि काठी धरली. एकट्याची काठी दोघांनी वेशीपर्यंत नेली. रुद्रेशची पाठ त्या दिवशी धरली नाही, हाही श्रींचाच चमत्कार म्हणावा.

शिवलिंगप्पांनी स्वतः गाडीत घालोन अण्णारावांस धाराशिवीस नेले. त्यांचा हर्निया जांघेतला, साधा, पूर्वीचा पू नाही काही नाही. सबब जर्राहांनी प्लॅस्टिकची कायमची जाळी घातली. शुद्धीवर येताच अण्णारावांचा स्वभावही शुद्धीवर आला. घरी येवोन जो भेटेल त्यास सांगू लागले की आमची जाळी कायमची, जन्माची. आप्पाची काय, साखरेची, गेली विरघळून.

हे समोरच्या दुकानी ऐकू गेले. शिवलिंगप्पा केळीची फणी घेवोन समाचारास आले, उशाशी बैसले, अण्णारावांसाठी आलेल्या वाफाळत्या चहाकडे पाहिले, आणि मोठ्या मायेने कप बाजूस सरकविला.

"अण्णा, तुझी प्लॅस्टिकची न्हवं? प्लॅस्टिकच्या कपात कढत च्या वतला की कप कसा वाकतोय, बघितलाय का कधी?"

अण्णारावांनी कपाकडे पाहिले. हात हळूच जांघेकडे गेला. "मग? किती दिस बंद?"

"माझी विरघळनारी व्हती, म्हनून सुटलो," शिवलिंगप्पा उसासा टाकोन म्हणाले. "तुझी कायमची हाय म्हनतोस. मग कायम."

येणेप्रमाणे मोहीम समाप्त. काठीचा मान दोन्ही घरांच्या पोरांनी मिळोन चालवावा ऐसे गावाने ठरविले. शिवलिंगप्पांची भिंत शाबूत, जाळी विरोन जाण्याच्या बेतात. आणि अलीकडे अण्णाराव थंड चहाची बशी पुढ्यात घेवोन साय पाहात बैसतात, पलीकडे शिवलिंगप्पा फुर्र करितात. फत्ते कोणाची हे निराळे लिहावयास नको. परवा शिवलिंगप्पांनी लिहिणाऱ्यासही प्रथमच कप दिला, काठोकाठ, कढत, आल्याचा, आणि विनंती इतकीच केली की ही बखर समोरच्या दुकानी वाचावयास देऊ नये.